खंडेनवमीची बंदूक, दसऱ्याची पाटी

सत्तरी, सांगे, केपे, काणकोण. गोव्याच्या या नव्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातल्या, जुन्या घरांत ओटीवरच्या भिंतीला दोन लाकडी खुंट्या अजून दिसतात. एकीवर नळी आणि दुसरीवर दस्ता टेकेल एवढ्या अंतरावर त्या ठोकलेल्या असतात. बंदूक केव्हाच गेली, आता तिथे छत्री नाहीतर हेल्मेट लटकते. खुंट्या इतक्या उंचावर की शाळकरी पोराचा हात पोचू नये. तरी त्या बंदुकीशी सगळ्यांत जास्त संबंध यायचा तो त्या पोराचाच. बार काढायचा मान घरातल्या कर्त्याचा. पाणी तापवणे, चिंध्या फाडणे, गज धरणे, तेल पुसणे ही कामे पोरांची. शिकारीच्या गप्पांत डुक्कर किती मोठे होते ते हमखास येते. दुसऱ्या दिवशी नळी कोणी धुतली ते येत नाही, आणि बंदूक टिकायची ती त्या धुण्यावर.

या घरांतून रायफली कमीच. पोर्तुगीज अमदानीत गावाकडे दोन प्रकार असत. एक ठासणीची, म्हणजे तोंडातून भरायची केपाची बंदूक; केप म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी. दुसरी मागून मोडायची, म्हणजे नळी खाली दुमडून उघडायची काडतुशी, एकनळी किंवा दुनळी. दुनळ्यांत बेल्जियमच्या लीएजच्या बंदुका ओळखायला सोप्या: नळी दस्त्यापासून सोडवून उलटी धरली की खालच्या अंगाला लंबगोलात ईएलजी ही अक्षरे आणि वर मुकुट असा चाचणीचा शिक्का दिसतो. त्या शिक्क्यांच्या आसपासच ‘१२’ आणि ‘६५’ किंवा ‘७०’ असे आकडे असतात. बारा हा बोअर, म्हणजे नळीच्या जाडीचे माप. पासष्ट किंवा सत्तर म्हणजे काडतूस बसते त्या घराची मिलिमीटरमधली लांबी. हा दुसरा आकडा न वाचल्यामुळे नळ्या फुटल्या आहेत. सत्तरचे काडतूस पासष्टच्या घरात बिनबोभाट बसते, कारण त्याची लांबी मोजतात ती उडाल्यावर तोंड उलगडल्यानंतरची. बार होताना ते तोंड उलगडायला पुढे जागा मिळत नाही, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. जुन्या, पिळाच्या लोखंडाच्या नक्षीदार नळ्या काळ्या दारूसाठी केलेल्या. त्यांत नव्या बिनधुराच्या दारूचे काडतूस घालणे म्हणजे स्वतःच्या डाव्या हातावर पैज लावणे.

ठासणीच्या बंदुकीत भाग थोडे, चुकायच्या जागा फार. नळीत आधी दारू, वर ठासण, मग छर्रे, पुन्हा ठासण, आणि केप सगळ्यांत शेवटी. हा क्रम पोरांना पाढ्यासारखा पाठ असायचा, कारण केप आधी बसवली तर गज ठासणाऱ्याचा हात नळीच्या तोंडावर असताना घोडा निसटू शकतो. ठासणीला काथ्या चांगला. घट्ट बसतो आणि सहसा पेट धरून राहत नाही. पण काथ्या सोलायचा कंटाळा आला की शाळेची जुनी वही फाडली जायची. गेल्या यत्तेची उजळणी, मास्तरांच्या लाल शाईसकट, बोळा होऊन नळीत जायची. कागदाचा बोळा मात्र धुमसत बाहेर पडतो आणि वीस-पंचवीस पावलांवर गवतात जाऊन पडतो. पावसात कोणाच्या लक्षातही येत नाही. मार्चमध्ये करड, म्हणजे वाळके गवत, पेटते, आणि काजूच्या बागेपर्यंत आग गेली की डुकराने केलेल्या नुकसानीच्या कितीतरी पट नुकसान त्या बोळ्याने होते.

भरलेली की रिकामी, हे ठासणीच्या बंदुकीत वरून कळत नाही. त्यासाठी गजावर खूण असायची. रिकाम्या नळीत गज तळाला टेकवून तोंडाशी जिथे येईल तिथे एक खाच, आणि एक बार भरल्यावर जिथे येईल तिथे दुसरी. गज घातला आणि दोन्ही खाचा तोंडाबाहेर राहिल्या की समजायचे, कोणीतरी बारावर बार भरला आहे. असे व्हायचे कसे? केप ओली निघून बार उडत नाही, माणूस वैतागून बंदूक टेकवतो, दुसरा ती रिकामी समजून पुन्हा भरतो. ओटीवर बंदूक टांगण्याआधी गज घालून खाच बघणे हे बहुतेक घरांत शाळकरी मुलाचे काम होते. त्याचे डोळे चांगले, आणि खोटे बोलायची त्याला गरज नसायची. बार न उडाल्यास बंदूक लगेच खाली घ्यायची नाही. तोंड मोकळ्या दिशेला धरून संथपणे साठ अंक मोजायचे. दमट दारू कधी कधी उशिरा पेटते.

खरी परीक्षा जूनमध्ये. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. भिंती घाम सोडतात, चपलांना बुरशी येते, तिथे लोखंडाची काय कथा. पण नळी खाणारा मुख्य शत्रू पाऊस नव्हे. बार उडाल्यावर आत जी काळी राख उरते ती क्षारांची असते आणि हवेतली ओल खेचून घेते. जुन्या केपांच्या मसाल्यातून उरणारा क्षार तर मिठाच्याच जातीचा. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणून न धुता वरून तेल चोपडलेली बंदूक दिसायला चकचकीत असते आणि आतून गणेशचतुर्थीपर्यंत खड्डे पडून बसते. आपल्याकडच्या निम्म्या जुन्या नळ्या अशा तेल लावूनच मेल्या आहेत.

पद्धत अशी. केपाच्या बंदुकीत केप बसवायची तोटी किल्लीने काढून घ्यायची. नळी दस्त्यापासून सोडवून तिचे मागचे टोक बादलीभर कढत पाण्यात धरायचे. गजाला सुताची चिंधी गुंडाळून ती नळीत वर-खाली करायची. गज वर ओढला की खालच्या भोकातून पाणी आत चढते, खाली दाबला की काळे होऊन बाहेर पडते. तीन-चार पाणी बदलली की स्वच्छ यायला लागते. पाणी कढतच हवे, कारण तापलेले लोखंड आपले आपण वाळते. कोमट पाण्याने धुतले तर आत ओल राहते आणि केलेले सगळे काम वाया. दुनळीत आधी पुढचे लाकूड काढायचे, मग खटका फिरवून नळ्या उतरवायच्या; पाणी फक्त नळ्यांना, घोड्यांच्या यंत्राला थेंबही नाही. वाळवायला चुलीजवळ ठेवायची, चुलीवर नाही. दोन नळ्या एकमेकींना मऊ डाकाने जोडलेल्या असतात, आणि तो डाक साधारण दोनशे अंशांच्या आसपास सुटतो. डाक सुटलेली दुनळी ठोकली की फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजते.

तेलाचा वाद घरोघर असायचा. खोबरेल घरचे, म्हणून तेच आधी हाताशी येते. पण ते खवट होते, चिकट थर धरते आणि डिसेंबरच्या पहाटे गोठते. घोडा जड पडून केपेवर जेमतेम टेकतो आणि माणूस केपेला नावे ठेवतो. रॉकेलने मळ सुटतो खरा, पण ते उडून जाते आणि मागे लोखंड उघडे पडते. शिवणयंत्राचे पातळ तेल सर्वांत बरे, तेही चिंधीला लागेल इतकेच. जास्त झाले तर ते ओघळून दस्त्याच्या लाकडात उतरते, लाकूड काळे आणि मऊ पडते आणि घोड्याच्या मागे चीर जाते. लाकडाला जवसाचे तेल वेगळे. कातडी म्यान रस्त्यापुरते. पावसाळाभर बंदूक त्यात ठेवली तर कातडे ओल धरते आणि म्यानाच्या शिवणीची रेघ नळीवर गंजाने उमटते.

एवढे करून टांगलेल्या बंदुकीला आणखी एक वैरीण होती: कुंभारीण माशी. भिंतीतले भोक, कुलपाचे तोंड, बासरी, तिला काहीही चालते. आठवडाभर न हललेल्या नळीत ती चिखलाचे घर बांधून आत अळ्या भरते. तसाच बार काढला तर त्या गोळ्याशी दाब अडतो आणि नळीला कडीसारखी फुगी येते, नाहीतर ती उकलते. बूच घट्ट मारणे हाही उपाय नाही, कारण आत कोंडलेल्या हवेतली ओल तिथेच बसते. तोंडावर विरळ फडके बांधायचे, आणि भरण्यापूर्वी नळी मोडून उजेडाकडे धरून आरपार पाहायचे.

शाळेच्या सामानाची गत यापेक्षा फार वेगळी नव्हती. गावाकडची मराठी शाळा देवळाच्या सभामंडपात नाहीतर कोणाच्या ओटीवर भरायची. मास्तरांचा पगार गावाने वर्गणीतून किंवा भाताच्या रूपाने द्यायचा. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची. तिचे नावच घराघरांतून मूठ-मूठ तांदूळ जमवण्यावरून पडले आहे. दुसरीकडे सरकारी पोर्तुगीज शाळा: तिथे प्रिमेर ग्राव, सेगुंद ग्रावच्या परीक्षा, पोलादी टाक, आणि तळहातावर बसणारा भोकाभोकांचा लाकडी पालमातोर. पुढे ज्याला झेपेल त्याने १८५४ साली निघालेल्या पणजीच्या लिसेंवात, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळेत, जायचे. काही मुले दोन्हीकडे जात. एका शाळेत मीटर आणि किलो, दुसरीत खंडी-कुडव आणि पावकी-निमकी.

शाई घरी व्हायची. दिव्याची काजळी, भिजवून गाळलेला बाभळीचा डिंक आणि पाणी, आणि खलात पुष्कळ वेळ घोटणे. डिंक कमी पडला तर अक्षर बोटाला लागते. जास्त झाला तर कोरड्या दिवसांत पापुद्रे निघतात आणि पावसात पाने एकमेकांना चिकटतात. जुनी वही आषाढात उघडायला गेलात आणि टर्रकन फाटली, तर तो डिंकाचा हात सैल सुटल्याचा पुरावा. बोरूचे तोंड तिरके छाटून मधोमध बारीक चीर द्यायची. चीर लांबली की शाई ठिबकते, आखूड राहिली की उतरत नाही. घरात चाकू एकच धारदार असायचा. बोरूलाही तोच, आणि काथ्यालाही.

गणिताचा मात्र बंदुकीशी थेट व्यवहार होता आणि तो शाळेत कोणी शिकवला नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बरोबर बसेल ती बारा बोअर, व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. सोळा गोळ्या केल्या तर सोळा बोअर, १६.८ मिलिमीटर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते, आणि व्यस्त प्रमाण शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. चारशे दहा बोअर तेवढी या हिशेबाबाहेर, कारण तो आकडा इंचाच्या हजारांशांत आहे. छऱ्यांचेही तसेच. इंग्रजी मापात सहा नंबरचे एका औंसात २७०, चार नंबरचे १७०, त्याहून मोठे बीबी ७०, आणि त्याहूनही मोठे एसजी अवघे आठ. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात एक औंस आणि वर एक सोळांश, म्हणजे सहा नंबरचे सुमारे २८७ छर्रे. नळीचे तोंड पूर्ण आवळलेले असेल तर चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात त्यांतले सत्तर टक्के पडतात, सरळ नळीतून चाळीस टक्के. ताडून पाहायला वर्तमानपत्रे जोडून टांगायची आणि भोके मोजायची. मोजायला अर्थात पोरे. दोनशेपर्यंत न चुकता मोजणारा पोरगा मास्तरांपेक्षा शिकाऱ्याला जास्त प्रिय असायचा.

काडतुसे युरोपातून मुरगाव बंदरात उतरत आणि महाग पडत. पुठ्ठ्याची असल्यामुळे पावसात फुगत. फुगलेले काडतूस अंगठ्याने दाबून बसवले की बार झाल्यावर अडकते, आणि बाहेर ओढणारा आकडा त्याची पितळी कड फाडतो. त्यासाठी नळ्या उतरवून हातात घ्यायच्या, म्हणजे घोड्याचा संबंधच उरत नाही, आणि एकेक काडतूस घरात टाकून पाहायचे. स्वतःच्या वजनाने आत गेले आणि नळी उलटी करताच बाहेर आले तर चांगले. बाकीची वेगळी. ती उन्हात वाळवायचा मोह धरायचा नाही, कारण पुठ्ठ्यावरचे मेण सुटते आणि पुढच्या वेळी ओल आणखी लवकर शिरते.

मग दसरा. खंडेनवमीला पाटावर कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि बंदूक, धुऊन पुसून, वर हळदकुंकू आणि झेंडूचे फूल. दुसऱ्या दिवशी त्याच पाटावर पाट्या मांडायच्या, एकच्या आकड्यांची सरस्वती काढलेल्या. हळदकुंकवाची ओली बोटे लागलेली नळी त्याच संध्याकाळी पुसायची असते. नाही पुसली तर पाच ठिपके कायमचे राहतात. अशा ठिपक्यांच्या बंदुका अजून पाहायला मिळतात आणि मला त्या उगाच आवडतात.

याच सुमारास सरद, म्हणजे पावसाळी शेतीचे भात दुधात येते, आणि डुकराला तो वास कुठून कळतो ते त्यालाच ठाऊक. पिकल्या दाण्यापेक्षा दुधातला दाणा त्याला जास्त आवडतो. आठ-दहा डुकरांचा कळप रात्रीत खातो त्याच्या कितीतरी पट लोळून आडवे करतो. मग बांधावर माळा, रात्रभर हाकारे, पत्र्याचे डबे. राखणीला पोरे, आणि सकाळी शाळेत तीच पोरे पेंगत. बंदुकीचे निम्म्याहून अधिक बार नुसतेच असत, छऱ्याशिवाय, घाबरवायला. शिकारीच्या गप्पांत ते कोणी मोजत नाही.

हाकाऱ्याच्या पारधीत शिस्त होती. कोण कुठे बसणार ते आधी ठरायचे, जागा सोडायची नाही, आणि हाकारे करणाऱ्यांची रांग दिसू लागली की नळी आडवी फिरवायची नाही. देवराईत बार नाही. वाटे सगळ्या गावाचे, बार लावणाऱ्याला जास्तीचा. याचे फार गोडवे गावेत असे मला वाटत नाही, कारण याच शिस्तीतून सांबर आणि भेकर कमी होत गेले. पण घात केला तो बॅटरीने. रात्री उजेडात फक्त दोन डोळे चमकतात; नर की मादी, गाभण की पाडसाबरोबरची, काही कळत नाही. पुढे जीप आली आणि पायपीटही संपली. ठासणीच्या बंदुकीला पुन्हा भरायला मिनिट लागायचे, आणि तेवढ्यात कळपातले बाकीचे निसटायचे. बंदूक जितकी गैरसोयीची होती तितके रान राहिले.

१९ डिसेंबर १९६१ नंतर दोन्ही चित्रे पालटली. दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, आणि सभामंडपातली मुले बाकांवर आली. हायस्कुलांत एनसीसी आली आणि तिच्याबरोबर पहिल्यांदाच रायफल विद्यार्थ्याच्या हातात रीतसर पडली: पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरची. रायफल म्हणजे नळीत पीळ. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, रायफलीच्या नळीत सर्पिल चरे. गोळी त्या चऱ्यांत फिरत निघते म्हणून सरळ जाते. टू-टूची गोळी वाटाण्याएवढी, पण दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि दगडावर तिरकी बसली तर उसळते. म्हणून चांदमारीच्या मागे मातीचा उंच बांध हवा. जांभ्याचा कातळ चालत नाही.

पालथे पडून, कोपर टेकून, श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि तर्जनीच्या पहिल्या पेराने चाप दाबत न्यायचा. बार कधी होईल ते स्वतःलाही कळता कामा नये. गोळ्या एकाखाली एक लागत गेल्या तर श्वास थांबत नाही असे समजावे. खाली आणि एका अंगाला गेल्या तर मुलगा चाप हिसकतो. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत अर्धा मीटर अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर पंचवीस मीटरवर गोळी किती सरकेल? पन्नास मिलिमीटर. त्रैराशिक वहीत नाही पटले तरी निशाणाच्या कागदावर पटते.

कवायतीला थ्री-नॉट-थ्री ही लष्करी रायफल. चार किलोच्या आसपास वजन, नळीत डावीकडे वळणारे पाच चरे. दस्त्याच्या तळाला पितळी झडप, तिच्यात तेलाची पितळी कुपी आणि साफसफाईची दोरी, पुलथ्रू. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्याकडे फासे. फाशात चार बाय दोन इंची फ्लॅनेलची पट्टी घालून दोरी मागून पुढे एका दमात ओढायची. मधेच थांबले की पट्टी अडकते, आणि दोन फाशांत दोन पट्ट्या घातल्या की दोरी तुटते. तुटलेली दोरी नळीतून काढणे हे शस्त्रकारागिराचे काम, कवायत मास्तरांचे नाही. ही लष्करी बोअर नागरिकाला ठेवता येत नाही, म्हणून परवान्याच्या शिकारी रायफलीसाठी ईशापूरच्या कारखान्याने तशाच यंत्रावर पॉइंट थ्री-वन-फाइव्ह काढली. गोव्याच्या दाट रानात, जिथे तीस पावलांपलीकडे दिसत नाही, तिला फारसा अर्थ नव्हता. ती बाळगण्यात प्रतिष्ठा होती, एवढेच.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. मोले, बोंडला, खोतीगाव ही अभयारण्ये त्याच्या थोडी आधीची, म्हादई आणि नेत्रावळी १९९९ ची. उरला तो पीकरक्षणाचा परवाना, आणि तोही डुक्कर मारायचा परवाना नव्हे. त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. शस्त्र परवान्याचे वय १९८३ पासून एकवीस, पूर्वी सोळा होते. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका परवान्यावर दोनच शस्त्रे. ज्याच्या नावावर बंदूक तो वारला की ती खुंटीवर राहू द्यायची नसते, मग ती आजोबांची ठासणीची का असेना. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागायचा.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. द्यायच्या आधल्या रात्री कढत पाण्याने धुऊन, वाळवून, यंत्राचे तेल लावून ठेवावी. म्यानात देऊ नये. पावतीवर बोअर, बनावट आणि नळीवरचा क्रमांक समोर लिहून घ्यावा. परत घेताना क्रमांक ताडून तिथेच नळी मोडून पाहावी, आणि गंज दिसला तर तिथेच बोलावे. घरी येऊन बोललेले कोणी लिहून घेत नाही.